ठसा, वजन आणि बट्टा

पिंपरी-चिंचवडला राहून जर्मन संस्थानांची चारशे वर्षांपूर्वीची चांदीची नाणी कशाला गोळा करायची? हे पुस्तक हातात घेणारा पहिला माणूस हेच विचारणार. शिवराई जमवणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. पण टालर म्हटलं की घरचेसुद्धा विचारतात, ‘आपला काय संबंध?’

संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. या पट्ट्यात जर्मनी बऱ्याच घरांच्या ओळखीचा देश आहे. केएसबीचे पंप पिंपरीत बनतात. बुकाउ-वुल्फ हे नाव जुन्या कामगारांच्या तोंडी अजून आहे. मर्सिडीज १९९५ साली टेल्कोच्या आवारातून बाहेर पडू लागली आणि २००९ मध्ये चाकणला आपल्या जागेत गेली. त्याच वर्षी मार्चअखेर चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. या कारखान्यांतली माणसं ट्रेनिंगला, मशिनच्या ट्रायलला, डाय ताब्यात घ्यायला जर्मनीत जाऊन येतात. येताना चॉकलेटं आणतात, चाकू आणतात. एखादा रविवारच्या जुन्या बाजारातून काळपट पडलेलं एक चांदीचं नाणंही आणतो. ते कपाटात पडून राहतं, कारण त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकलेल्यालाही येत नाही. नाण्यावरचा मजकूर बहुधा लॅटिनमध्ये असतो, आणि तोही शब्द तोडून तोडून.

या पुस्तकाचे लेखक अशाच एका नाण्यापासून या नादाला लागले. त्यांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. इतिहासाच्या प्राध्यापकाने हे पुस्तक लिहिलं असतं तर त्यात राजांच्या वंशावळी जास्त आल्या असत्या. इथे पहिल्या पानापासून डाय, पंच, ब्लँक आणि टॉलरन्स आहे, आणि माझ्या मते या विषयात शिरायचा तोच सरळ रस्ता आहे. टालर हा आधी कारखान्यातून निघालेला माल आहे. राजाचं चित्र, बोधवाक्य, राज्यचिन्ह हे सगळं नंतर.

मालाचं स्पेसिफिकेशन बघा. तिरोलमधल्या हाल गावी १४८६ साली रुपयासारख्या पण त्याच्या सुमारे पावणेतीनपट जड अशा चांदीच्या नाण्याची सुरुवात झाली. बोहेमियातल्या योआखिम्सटालच्या खाणींनी १५२० च्या आसपास त्याचा पूरच आणला. मग प्रत्येक संस्थानिकाला आपलं टालर हवं झालं. ‘पवित्र रोमन साम्राज्य’ असं भारदस्त नाव असलेल्या त्या मुलखात लहानमोठी तीनशेच्या आसपास संस्थानं होती: राजे, ड्यूक, बिशप, मठाधिपती, स्वतंत्र शहरं. त्यांतल्या पुष्कळांना नाणी पाडायचा हक्क होता. शेवटी १५६६ साली आउग्सबुर्गच्या सभेत माप ठरलं. कोलोनच्या एका ‘मार्क’ वजनात, म्हणजे २३३.८५६ ग्रॅममध्ये, आठ राइश्सटालर, म्हणजे साम्राज्याचे टालर, बसवायचे. चांदी हजारात ८८९. एका नाण्याचं वजन २९.२३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २५.९८. आज चाकणला ड्रॉइंगवर जशी मापं येतात तशीच ही आली, आणि ती पाळली जातात की नाही हे बघायला तपासणीही ठेवली गेली. कुणी पाळली, कुणी पाळली नाहीत, कुणी पाळल्याचं नाटक केलं. संग्राहकाची सगळी करमणूक त्यातच आहे.

वजन तपासायची एक पद्धत कारखान्यातल्या वाचकाला लगेच कळेल. लहान नाणी एकेक करून तोलत नसत. ठरावीक वजनाच्या चांदीतून ठरावीक नग निघाले की लॉट पास. सरासरी बरोबर, पण एकेक नग कमी-जास्त. मग नाणेवाला काय करी? तराजू घेऊन बसे, त्यातली जड तेवढी निवडून वितळवी आणि हलकी पुढे सरकवी. सरासरीवर माल पास करणाऱ्या व्यवस्थेत चोराला कुठे जागा मिळते, हे क्वालिटी विभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मोठ्या टालरच्या बाबतीत मात्र काळजी जास्त घेत. ब्लँक जड भरला तर ठसा मारण्याआधी कानशीने घासून वजनात आणत. त्या कानशीच्या समांतर रेघा कित्येक नाण्यांवर, राजाच्या गालावरून आडव्या गेलेल्या, आजही दिसतात. नवखा संग्राहक त्यांना ओरखडे समजून नाणं परत करतो. खरं तर तो त्या काळचा इन्स्पेक्शनचा शिक्काच आहे.

ठसा मारायच्या पद्धतीही हातात घेऊन ओळखता येतात. हातोड्याचं नाणं असेल तर कडेची जाडी एकसारखी नसते, कुठे अक्षरं दुहेरी उठलेली असतात. हालमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोलरची पद्धत आली: चांदीची पट्टी दोन कोरलेल्या रोलरमधून काढायची आणि मग तीतून नाणी कापायची. ती नाणी सपाट टेबलावर ठेवली तर किंचित वाकलेली दिसतात. रोलरचा गोलावा त्यांनी सोडलेला नसतो. स्क्रू प्रेस आल्यावर चेहरे नीट उठू लागले आणि कडेवरही नक्षी, अक्षरं आली, म्हणजे कड कातरून चांदी चोरायची सोय संपली. लेखकाने या प्रकरणाला चाळीस पानं दिली आहेत. मला ती कमीच वाटली.

आता मुलूख. लेखकाने निवड केली आहे, आणि ती निवड या पट्ट्यातल्या माणसाची आहे. फोक्सवॅगनचं वोल्फ्सबुर्ग हे शहर म्हणून १९३८ चं, पण आजूबाजूचा प्रदेश ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गच्या वेल्फ घराण्याचा. वोल्फ्सबुर्गहून तासाभराच्या आत ब्राउनश्वाइग आणि वोल्फेनब्युटेल, आणि दक्षिणेला हार्ट्झचे डोंगर. गोस्लार, क्लाउस्टाल, त्सेलरफेल्ड इथल्या खाणींची चांदी तिथेच नाण्यात उतरे. १५३९ पासून या नाण्यांवर एक रानटी माणूस येतो: अंगभर केस, कमरेला पाल्याचा पट्टा, हातात उपटलेलं झाड. तो शेदीडशे वर्षं आणि पुढेही जात नाही. दर टांकसाळीत, दर ड्यूकच्या काळात त्याचा चेहरा बदलतो, झाड कधी डाव्या हातात कधी उजव्या हातात, मुळं वर किंवा खाली. नुसत्या या माणसावर एक संग्रह उभा राहतो. बाजूला ‘एच-एस’ अक्षरं दिसली तर तो बहुधा हेनिंग श्ल्यूटर, त्सेलरफेल्डचा टांकसाळप्रमुख. १६२५ पासून १६७२ पर्यंत तो त्या कामावर होता. नोकरी अशी टिकली पाहिजे.

याच घराण्यातल्या ड्यूक युलियुसने १५७४ पासून ‘लोझर’ नावाची अगडबंब नाणी काढली, दीड टालरपासून सोळा टालरच्या वजनापर्यंत. ऐपतदार रयतेने आपापल्या ऐपतीनुसार एकेक विकत घ्यायचं, जपून ठेवायचं, मोडायचं नाही आणि विचारलं की दाखवायचं. गरज पडली तर ड्यूकला ती चांदी कुठे आहे हे माहीत. सक्तीची बचत म्हणा किंवा दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेला सरकारी खजिना म्हणा. त्याचा मुलगा हाइनरिश युलियुस आपल्या सरदारांशी भांडला आणि ते भांडण त्याने नाण्यावर काढलं: १५९५ ते १५९९ मध्ये बंडखोरांचं टालर, खोटेपणाचं टालर, सत्याचं टालर, आणि एक असं की सिंहाभोवती माश्या-गांधीलमाश्यांचा थवा घोंघावतो आहे. वर्तमानपत्रं नव्हती तेव्हा व्यंगचित्र छापायची ही जागा. वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयासाठी प्रसिद्ध असलेल्या ड्यूक आउगुस्टने १६४३ साली बादशाही फौज शहरातून निघून गेली तेव्हा घंटेची चित्रं असलेली टालरची एक मालिकाच काढली.

केएसबीचं मूळ गाव फ्रांकेनटाल. तीस वर्षांच्या युद्धात स्पॅनिश फौजेने ते वेढलं, तेव्हा १६२३ साली आत अडकलेल्यांनी पैशाची गरज भागवायला चांदीचे चौकोनी तुकडे कापून त्यांवर ठसे मारले. बुकाउ हा माग्डेबुर्गचा भाग. ते शहर १६३१ च्या मे महिन्यात जाळून लुटलं गेलं. या युद्धाची अखेर १६४८ ची. त्यानंतर बारा वर्षांनी फिरंगोजी नरसाळा चाकणचा संग्रामदुर्ग शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवत होता. फ्रांकेनटालच्या त्या चौकोनी तुकड्याजवळ चाकणच्या माणसाने जरा थांबावं, असं मला वाटतं.

मराठी वाचकाला हा सगळा गोंधळ खरं तर युरोपियन वाचकापेक्षा लवकर उमगायला हवा. पेशवाईत आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? अंकुशी रुपया, चांदवडी, मल्हारशाही, हाली सिक्का. दर प्रांताचा रुपया वेगळा, दर रुपयाला बट्टा वेगळा. खुद्द चिंचवडला टांकसाळ होती. नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला १७४४ च्या सुमारास तांब्याचे पैसे पाडायचा परवाना पेशव्यांनी दिला होता. म्हणजे टांकसाळ ठेक्याने देणं, ठेकेदाराने कस उतरवणं, सरकारने चौकशी करणं, हे जर्मनीतलं नाटक आपल्याकडेही तसंच चाललेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशवे दप्तरातून ही माहिती काढून १८९९ साली मराठ्यांच्या टांकसाळींवर निबंध लिहिला. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं पुस्तक नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने १९८९ साली काढलं. टालरच्या वाचकाने ही दोन्ही आधी वाचावीत. सराफ काय बघतो आणि बट्टा का लागतो हे आपल्या भाषेत, आपल्या गावांच्या नावांनी एकदा कळलं की ल्यूबेक आणि लाइप्झिग अवघड जात नाहीत.

बट्ट्याचं जर्मनीतलं सगळ्यात भयंकर प्रकरण १६१९ ते १६२३ चं. युद्धाला पैसा हवा म्हणून संस्थानिकांनी हलक्या कसाची चिल्लर पाडायला सुरुवात केली. शेजाऱ्याने केली म्हणून दुसऱ्याने केली. एकट्या ब्राउनश्वाइगच्या मुलखात डझनावारी टांकसाळी उघडल्या. खरा राइश्सटालर होता तिथेच राहिला, पण त्याचा भाव चिल्लरीत वाढत गेला: दक्षिणेकडे १६१८ च्या सुमारास दीड गुल्डेन, आणि चार वर्षांत दहा गुल्डेनच्या आसपास. पगार चिल्लरीत मिळे, कर मात्र चांगल्या नाण्यात मागितला जाई. शिपाई, मास्तर, पाद्री देशोधडीला लागले. या काळातली तांबडी पडलेली, चांदीचा नुसता मुलामा उरलेली नाणी आज स्वस्त मिळतात, आणि संग्राहक त्यांना नाक मुरडतात. मी तर म्हणेन की एका झगझगीत टालरऐवजी अशी दहा घ्यावीत. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने पुढे सात वर्षांच्या युद्धात सॅक्सनीचे ठसे हाती लागल्यावर हाच उद्योग पुन्हा केला. त्यावरचं लेखकाचं प्रकरण मात्र मला जरा कोरडं वाटलं. आकडे आहेत, माणसं नाहीत.

ही चांदी आपल्याकडे आली का? आली. फुगर आणि वेल्झर या आउग्सबुर्गच्या सावकारांचा पैसा १५०५ पासूनच पोर्तुगिजांच्या मसाल्याच्या जहाजांत होता. त्यांचा दलाल फर्डिनांड क्रोन १५८७ साली भारतात आला आणि कोचीन-गोव्यात वर्षानुवर्षं राहिला. पुढे सुरतेला डच आणि इंग्रज व्यापारी स्पॅनिश रेआलांबरोबर जर्मन टालरही उतरवत. एका राइश्सटालरच्या चांदीत सुमारे सव्वादोन रुपये निघत. पण मोगली मुलखात परकं नाणं चालत नसे. ते टांकसाळीत जाई, वितळे आणि रुपया होऊन बाहेर पडे. म्हणून कोकणात किंवा देशावर खणताना टालर सापडत नाहीत. सोन्याचं मात्र वेगळं झालं: व्हेनिसच्या मोहरा पुतळ्यांच्या माळेत जाऊन बसल्या आणि टिकल्या.

जर्मन चांदीने आपल्याला शेवटचा आणि सगळ्यात मोठा झटका दिला तो नाणी पाडून नव्हे, नाणी मोडून. १८७१ साली जर्मनी एक झाली, १८७३ मध्ये तिने सोन्याचा मार्क स्वीकारला आणि संस्थानांची चांदी बाजारात विकायला काढली. इतर देशांनीही चांदीकडे पाठ फिरवली. चांदी गडगडली, आणि चांदीचाच असलेला आपला रुपया तिच्याबरोबर गडगडला: दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. जून १८९३ मध्ये सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. चांदी न्यावी आणि रुपये पाडून आणावेत, हा शतकांचा रिवाज त्या दिवशी संपला. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला, तो याच घडामोडींच्या मुळाशी जाणारा. टालर गोळा करणाऱ्या मराठी माणसाच्या शेल्फवर तो असलाच पाहिजे, हे माझं मत लेखकालाही पटलं आहे. गंमत म्हणजे जुने टालर जर्मनीत तीन मार्कांच्या भावाने १९०७ पर्यंत चालतच राहिले.

एक टालर तर मुंबईचंच आहे. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचं १७८० सालचं नाणं आज बव्हेरियात असलेल्या ग्युन्झबुर्गच्या टांकसाळीत घडलं. ते तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर इतकं रुळलं की ती वारल्यावरही तेच साल घालून ते पाडत राहिले. अजूनही व्हिएन्नात पाडतात. १९३५ साली मुसोलिनीने ठसे स्वतःकडे घेतले. मग इंग्रजांनी लंडनला, आणि युद्धात १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत ते पाडायला घेतलं. मुंबईत सुमारे १ कोटी ८८ लाख नग निघाले, इथिओपियाच्या मोहिमेसाठी. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३, साल १७८०. राणीच्या खांद्यावरच्या ब्रोचचे मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसं मोजून मुंबईचा नग वेगळा काढतात. पहिलं नाणं म्हणून मी हेच सुचवेन: चांदीच्या भावाच्या थोडंच वर मिळतं, आणि फोर्टातल्या टांकसाळीवरून जाताना बघायला कारण मिळतं. त्यानंतर ब्राउनश्वाइगची चोवीस मारीनग्रोशेनची नाणी, म्हणजे दोन तृतीयांश टालर. तो रानटी माणूस त्यांवरही असतो. पूर्ण टालर सावकाश घ्यावं, डेव्हनपोर्टच्या कॅटलॉगातला नंबर जुळवूनच.

खोट्या नाण्यांवर लेखकाने सविस्तर लिहिलं आहे. मी घरी करण्याजोगी एकच चाचणी सांगतो. शंभरांश ग्रॅम दाखवणारा तराजू घ्या. त्यावर पाण्याचा प्लास्टिकचा कप ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून, तळाला वा कडेला न टेकवता, पूर्ण बुडेल असं पाण्यात सोडा. तराजू जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. २९.२ ग्रॅमच्या राइश्सटालरला तो २.८४ च्या आसपास यायला हवा. ३.३ च्या पुढे गेला तर तुमच्या हातात जर्मन सिल्व्हर आहे, जर्मन चांदी नव्हे. आकडा बरोबर आला तरी नाणं खरं ठरत नाही, कारण चांदीतही नकला ओततात. तिथे मग भिंग लागतं. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात, आणि कडेला जोड घासून काढल्याची खूण असते. डायने मारलेल्या आणि साच्यात ओतलेल्या मालातला फरक या पट्ट्यातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. वरच्या कडेला डाग दिल्याची खूण असेल तर ते नाणं कधीकाळी कुणाच्या गळ्यात होतं; नाणं खरंच असतं, किंमत मात्र उतरते.

आणि कृपा करून घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, पितांबरी यांतलं काहीही नको. दिवाळीच्या सफाईत देव्हाऱ्यातल्या तांब्यांबरोबर टालरही लखलखीत झाल्याची उदाहरणं आहेत, आणि चारशे वर्षांची झाक एकदा गेली की परत येत नाही.

कायद्याचंही एक सांगायला हवं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावस्तू ठरतं, आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा जर्मनीहून आणलेलं नाणं पुन्हा तिथल्या लिलावात विकू, हा हिशेब मनात ठेवून कुणी या छंदात पडू नये. आणताना कस्टमला सांगावं, पावती ठेवावी.

या पुस्तकात सोन्याची नाणी नाहीत, ऑस्ट्रियाची फारशी नाहीत, आणि एकोणिसाव्या शतकाचे फेराइन्सटालर उरकून टाकले आहेत. मला त्याची खंत नाही. ज्या मुलखांशी या पट्ट्यातल्या माणसांचा कामाचा संबंध आला, तिथलीच नाणी लेखकाने जवळून बघितली आणि त्यांवरच लिहिलं. स्टुटगार्टचं, म्हणजे व्युर्टेम्बर्गचं प्रकरण मात्र पुढच्या आवृत्तीत वाढवायला हवं. मर्सिडीजची मंडळी नाहीतर रागावतील.

शेवटी एक विनंती, खास करून निवृत्त मंडळींना. साठ-सत्तरच्या दशकांत आणि पुढे ज्यांनी जर्मनीच्या वाऱ्या केल्या, त्यांच्या कपाटांत अशी नाणी आहेत. ते नाणं कुठल्या गावात, कोणत्या साली, कुणाकडून आणि कितीला घेतलं, आणि त्या वेळी कुठल्या कामासाठी तिथे गेला होतात, हे एका कागदावर आपल्या अक्षरात लिहा आणि तो कागद नाण्याबरोबर ठेवा. नाण्याची माहिती कॅटलॉगात मिळते. ही माहिती फक्त तुमच्याकडे आहे.